खिशातले भिंग निवडताना: आधी अंतर, मग आकडा

खिशात ठेवायचे भिंग घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: किती पट? निवड चुकते ती इथेच. सर्वांत मोठ्या आकड्याचे भिंग घेतले जाते, ते हातभर लांब धरले जाते, मधोमध एक अंधूक ठिपका दिसतो आणि भिंग कायमचे ड्रॉवरमध्ये जाते. पुष्कळदा भिंगात काही खोट नसते, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी काम, मग अंतर, मग पट, मग काच आणि घडण. शेवटी पाच मिनिटांची तपासणी. ती सोडली तर बाकी सगळे वाया जाऊ शकते, कारण भिंगावर कोरलेला आकडा खरा असतोच असे नाही.

तयारी: चार वस्तू

निवडायला जाताना सोबत ठेवा:

- मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची पट्टी
- १ मि.मी. चौकोनांचा आलेख कागद (तळहाताएवढा तुकडा पुरे)
- पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेला बारीक मजकूर
- कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ

जवळचा चष्मा वापरत असाल तर तोही. तपासणी चष्मा लावून करायची की काढून, हे टप्पा ५ मध्ये येईल.

## टप्पा १: काय पाहायचे आणि दुसरा हात कुठे असेल

ज्यासाठी भिंग हवे ते काम एका ओळीत लिहा. ‘बारीक गोष्टी पाहायला’ हे उत्तर नव्हे. ‘बोटात गेलेले कुसळ काढायला’, ‘वेष्टनावरचा मजकूर वाचायला’, ‘गवताच्या फुलातले पुंकेसर मोजायला’ अशी उत्तरे हवीत. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला: दिसायला हवा तो तपशील केवढा? २५ सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.१ मि.मी. अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. १० पटीच्या भिंगाने ही मर्यादा कागदोपत्री ०.०१ मि.मी.पर्यंत उतरते. प्रत्यक्षात हाताची थरथर आणि अपुरा उजेड यांमुळे तेवढे साधत नाही. त्याहून बारीक काही पाहायचे असेल तर खिशातल्या भिंगाच्या मागे लागू नका, ते काम सूक्ष्मदर्शीचे आहे.

दुसरा, आणि बहुतेक जण विसरतात तो: वस्तू आणि भिंग यांच्यामध्ये काही शिरायला हवे का? चिमटा, सुई, सोल्डरिंगची तार, पेन? नुसते पाहायचे असेल तर अंतर कमी चालते. हातांनी काम करायचे असेल तर निदान ५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. या एका उत्तराने निम्मी भिंगे बाद होतात.

## टप्पा २: अंतरावरून पट ठरवा

भिंगाची पट आणि त्याचे नाभीय अंतर (दूरच्या वस्तूचे चित्र काचेपासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट जुळते तेवढे अंतर) यांचे नाते सोपे आहे: २५० भागिले नाभीय अंतर (मिलिमीटरमध्ये) म्हणजे पट. वस्तू भिंगापासून साधारण तेवढ्याच अंतरावर धरावी लागते.

- २.५ पट: १०० मि.मी.
- ५ पट: ५० मि.मी.
- १० पट: २५ मि.मी.
- १५ पट: सुमारे १७ मि.मी.
- २० पट: १२.५ मि.मी.

२० पटीचे भिंग म्हणजे वस्तू काचेपासून जेमतेम सव्वा सेंटिमीटरवर. तिथे चिमटा शिरत नाही, आणि उजेडही धड शिरत नाही, कारण तुमचेच डोके आणि भिंगाची चौकट सावली पाडतात.

पट वाढली की आणखी एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारी खोली. डोळा तोच असेल तर पट दुप्पट झाल्यावर ही खोली चौथाई होते. १० पटीने फुलाच्या पाकळीची कड आणि तिच्यामागचा पुंकेसर एका नजरेत बसत असेल, तर २० पटीने एक स्पष्ट दिसताना दुसरा धुक्यात जातो. चाळिशीनंतर डोळ्याची जवळ-दूर जुळवून घेण्याची ताकद उतरते, तेव्हा हा फरक जास्तच जाणवतो.

म्हणून कामानुसार निवड अशी करा:

वाचन, नकाशे, वेष्टनावरचा मजकूर: २.५ ते ३.५ पट, काच ४० मि.मी. किंवा त्याहून रुंद. इथे काच रुंद असणे महत्त्वाचे, नाहीतर एकेक शब्द शोधत बसावे लागते.

कुसळ काढणे, सुईत दोरा ओवणे, सर्किटवरचे जोड पाहणे: ३ ते ५ पट. याहून जास्त घेतलेत तर हत्यार आत जाणार नाही.

नाणी आणि टपाल तिकिटे: संपूर्ण नाणे किंवा तिकीट न्याहाळायला ५ ते ७, छपाईचे ठिपके किंवा कोरणीच्या रेषा तपासायला १०.

फुले, कीटक, खडक, वाळू, रत्ने: १०. हिऱ्याची शुद्धता ठरवताना जगभर १० पट हीच रीत आहे. फक्त २० पटीत दिसणारा दोष त्या प्रतवारीत धरला जात नाही.

शेवाळ, पानावरची लव, दगडातले बारीक स्फटिक: १५ ते २०, पण दुसरे भिंग म्हणून. पहिले १० पटीचेच असू द्या.

एकच घ्यायचे आणि काम नक्की ठरलेले नाही, अशी स्थिती असेल तर १० पटीचे घ्या. त्यावर फार खल करू नका.

> सावधान: एकाच घडीत ५, १० आणि १५ पटीची तीन भिंगे असलेली रचना आकर्षक वाटते. त्यांत पुष्कळदा तिन्ही काचा साध्या असतात, आणि एकीवर दुसरी ठेवून ‘३० पट’ मिळवण्याचा दावा असतो. रचलेल्या साध्या काचांचे दोष एकमेकांत मिसळतात आणि कडा पूर्ण धूसर होतात. एक चांगली काच तीन सुमार काचांना भारी पडते.

### भिंगावरचा आकडा वाचताना

‘१०×’ आणि त्यापुढे ‘१८’ किंवा ‘२१’ असे कोरलेले असते. पहिला आकडा पट, दुसरा काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. काही भिंगांवर पटीऐवजी डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) असतात. त्यांना ४ ने भागले की पट मिळते, म्हणजे २० डायॉप्टर म्हणजे ५ पट. काही ठिकाणी याच हिशेबात १ मिळवतात, म्हणून एकाच काचेवर कुठे ५ तर कुठे ६ लिहिलेले आढळते. ही फसवणूक नव्हे, मोजायची रीत वेगळी आहे.

फसवणूक ओळखायची खूण वेगळी. पट आणि व्यास एकमेकांना शोभतात का ते पाहा. काचेचा पूर्ण गोल चेंडू केला, म्हणजे एकसंध काचेला याहून फुगीर करताच येत नाही, तर नेहमीच्या काचेत त्याचे नाभीय अंतर व्यासाच्या पाऊणपट असते. २५ मि.मी. व्यासाच्या चेंडूचे नाभीय अंतर होते १८.७५ मि.मी., आणि पट होते १३ च्या आसपास. मग २५ मि.मी. रुंद, चपट्या, एकेरी काचेवर ‘४०×’ कोरलेले असेल तर तो आकडा काचेतून निघालेला नाही. अशा भिंगांची खरी पट बहुधा ५ ते १० मध्येच भरते.

## टप्पा ३: काचेचा प्रकार

साध्या, दोन्ही बाजूंनी फुगीर काचेत दोन दोष असतात. कडेचे आणि मधले किरण एकाच जागी जुळत नाहीत, म्हणून कडा धूसर दिसतात. आणि वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर जुळतात, म्हणून काळ्या रेषेच्या एका बाजूला तांबूस-पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळसर झालर दिसते. ३-४ पटीत हे दोष पोटात घालता येतात. १० पटीत ते डोळ्यांत खुपतात.

एकेरी काच: ५ पटीपर्यंत ठीक. वाचनाला हीच घ्या, उगाच महागड्या प्रकाराकडे जाऊ नका.

दुहेरी (डबलेट): दोन काचा, पुष्कळदा मध्ये हवेची फट. ५ ते १० पटीत बऱ्यापैकी. कडा सुधारतात, रंगाची झालर थोडी उरते. फटीत ओल शिरली तर आतून धुके धरते आणि ते पुसता येत नाही.

तिहेरी (ट्रिपलेट): तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, मधली एका प्रकारच्या काचेची आणि बाहेरच्या दोन वेगळ्या प्रकारच्या. दोन्ही दोष मोठ्या प्रमाणात दूर होतात. १० पट किंवा त्याहून जास्त हवी असेल तर हाच प्रकार.

कॉडिंग्टन: एकच जाड काच, कमरेभोवती खोल खाच. ती खाच कडेचे किरण अडवते. चित्र बारीक आणि स्वच्छ, पण दृश्य लहान आणि रंगाची झालर थोडी राहते. मजबूत असते, कारण सुटायला जोडच नाही.

पातळ प्लास्टिकचे पाकिटात मावणारे भिंग (फ्रेनेल): २-३ पट, अडीअडचणीला वाचण्यापुरते. निरीक्षणाला नाही.

काच की ॲक्रिलिक? खिशात किल्ल्या असतात, म्हणून काच. ॲक्रिलिक हलके, पण चरे लवकर पडतात. रुंद वाचन-भिंगात वजन जाणवते, तेवढ्यापुरते ते चालवून घ्या.

## टप्पा ४: चौकट, बिजागरी, दिवा

चौकट आतून काळी किंवा मंद असावी. चकचकीत चौकट सुंदर दिसते, पण तिचा लकाकता उजेड वस्तूवर पडून रंग ओळखताना घोळ होतो. रत्ने पाहणाऱ्यांनी याबाबत तडजोड करू नये.

झाकणातून काच फिरून बाहेर येते त्या बिजागरीला स्क्रू असेल तर उत्तम, सैल झाला की आवळता येतो. रिव्हेट असेल तर एकदा सैल झाले की झाले. झाकणाला दोरी ओवायला भोक असावे. आणि मिटल्यावर काच दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकली जाते का ते पाहा. काही घडीच्या भिंगांत एक बाजू उघडीच राहते.

दिवा हवा का? झाडाखाली, संध्याकाळी किंवा कपाटाच्या आत पाहायचे असेल तर उपयोगी. मात्र काचेभोवती गोल बसवलेले दिवे वस्तूवर सरळ समोरून पडतात, त्यामुळे चकचकीत पृष्ठभागावर फक्त दिव्यांचीच प्रतिबिंबे दिसतात आणि उठाव सपाट होतो. चरे, कोरीव रेषा, लव पाहायला बाजूने तिरपा पडणारा उजेड लागतो. त्यासाठी बिनदिव्याचे भिंग आणि वेगळी छोटी विजेरी हा जोड बरा. रंग पाहायचा असेल तर खिडकीचा उजेड.

> सावधान: दिव्याच्या भिंगात बटण-सेल असतात. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर घरात लहान मूल असताना ते घेऊ नका. सेल गिळला गेल्यास वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचे असते.

## टप्पा ५: तपासण्याआधी धरायला शिका

चांगले भिंग चुकीचे धरले तर वाईट दिसते, म्हणून हा टप्पा तपासणीच्या आधी.

१. भिंग डोळ्याजवळ न्या, डोळ्यापासून साधारण २ ते २.५ सेंटिमीटरवर. भिंग धरलेल्या हाताचे एक बोट गालाला टेकवा.

२. दुसऱ्या हाताने *वस्तू* भिंगाकडे आणा. भिंग वस्तूकडे नेऊ नका. वस्तू जागची हलणारी नसेल, खडक किंवा भिंत असेल, तर भिंग डोळ्याजवळच ठेवून डोक्यासकट पुढे जा.

३. दोन्ही हात एकमेकांना टेकवा: वस्तू धरलेल्या हाताची करंगळी भिंगाच्या हातावर. मग थरथरले तरी दोन्ही हात एकत्र थरथरतात आणि चित्र स्थिर राहते.

४. दुसरा डोळा उघडा ठेवा. सुरुवातीला गोंधळ होतो, पण मिचकावून पाहिले तर काही मिनिटांत डोळा दुखू लागतो.

५. उजेड वस्तूवर हवा, डोळ्यावर नको. दिव्याकडे तोंड करण्याऐवजी थोडे कडेला वळा.

सिनेमातला गुप्तहेर भिंग हात लांब करून धरतो, ती सवय इथे नडते. १० पटीचे, १८ मि.मी. व्यासाचे भिंग डोळ्यापासून २५ मि.मी.वर धरले तर वस्तूचा सुमारे १८ मि.मी. भाग दिसतो. तेच भिंग १० सेंटिमीटरवर नेले की दिसणारा भाग उरतो साधारण साडेचार मिलिमीटर. पट तेवढीच राहते, खिडकी मात्र पावपट होते. ‘भिंग लहान आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा काचेची नसून या अंतराची असते.

चष्म्याचे काय? नंबर फक्त जवळचा किंवा लांबचा असेल तर चष्मा काढून पाहा, वस्तू किंचित पुढेमागे केली की चित्र जुळते. नंबरात सिलिंडर (चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘CYL’खाली लिहिलेला आकडा) असेल तर चष्मा ठेवा. तेव्हा भिंग डोळ्याच्या तितके जवळ जाणार नाही, म्हणून २१ मि.मी. किंवा त्याहून रुंद काच निवडा.

## टप्पा ६: घेण्याआधीची पाच मिनिटे

क) खरी पट मोजा. खिडकीपासून तीन-चार मीटर लांब उभे राहा. खिडकीकडे पाठ नको, बाजू ठेवा. एका हातात पांढरा कागद, त्याच्यासमोर भिंग, भिंगापलीकडे खिडकी. भिंग कागदाच्या जवळ-दूर करा. एका जागी खिडकीचे लहानसे, उलटे चित्र गज मोजता येतील इतके स्पष्ट उमटेल. तिथे थांबा आणि कागदापासून काचेच्या जाडीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. २५० ला त्या अंकाने भागा. १० पटीच्या भिंगाचे अंतर २३ ते २७ मि.मी. आले तर समाधान माना, हाताने मोजताना एवढा फरक पडतो. ‘३०×’ कोरलेल्या भिंगाचे अंतर ३५ मि.मी. आले तर ते ७ पटीचे आहे.

> सावधान: ही चाचणी सूर्यावर करू नका. कागद पेटतो. आणि भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

ख) आलेख कागद. भिंग डोळ्याजवळ धरून कागदाच्या चौकोनांकडे पाहा. मधले चौकोन स्पष्ट करा आणि नजर न हलवता कडेकडे लक्ष द्या. चांगल्या ट्रिपलेटमध्ये रेषा कडेपर्यंत जवळजवळ सरळ राहतात. साध्या काचेत कडेच्या रेषा मध्याकडे वाकतात आणि कोपऱ्यातले चौकोन बाहेर ताणलेले दिसतात. डावीकडून उजवीकडे किती चौकोन *स्पष्ट* दिसतात ते मोजा. दोन भिंगांत निवड करायची असेल तर हा आकडा कोरलेल्या आकड्यापेक्षा जास्त खरे बोलतो.

ग) रंगाची झालर. काळे छापील अक्षर आधी मध्यभागी आणा, मग हळूहळू कडेला सरकवा. मध्यभागीच झालर दिसली तर ती काच १० पटीच्या कामाची नाही. अगदी कडेला किंचित दिसली तर चालेल.

घ) मीठ. काळ्या किंवा गडद कागदावर चार दाणे टाका. १० पटीच्या चांगल्या भिंगात मिठाचा दाणा म्हणजे घासलेल्या कडांचा ठोकळा दिसतो, कोपरे किंचित झिजलेले, वरच्या पृष्ठावर एखादा खळगा, आत दुधी धुरकटपणा. दाण्याची वरची कड आणि तो टेकलेला कागद दोन्ही बऱ्यापैकी जुळतात का ते बघा. दाणा नुसता पांढरा चमकता ठिपका दिसत असेल तर आधी उजेड तिरपा करा, आणि तरीही तसाच दिसला तर काच बदला.

च) काचेचे अंग. भिंग हातभर लांब, उजेडासमोर धरा आणि आरपार पाहा. चरे, बुडबुडे, कडेला इंद्रधनुषी वलये किंवा फर्नच्या पानासारखी नक्षी दिसते का? वलये आणि नक्षी म्हणजे चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. असे भिंग स्वस्तात मिळाले तरी नको. मग काच तिरपी करून तिच्यात दिव्याची प्रतिबिंबे पाहा. ट्रिपलेटमध्ये दोन ठळक आणि जोडीला दोन फार अंधूक प्रतिबिंबे असतात, कारण आतले जोडही थोडा उजेड परतवतात. अंधूक जोडी सापडली नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका, आलेख कागदाचा कौल अंतिम धरा. प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट असेल तर काचेवर चकाकी कमी करणारा लेप आहे, शुभ्र असेल तर नाही.

छ) बिजागरी. भिंग अर्धे उघडून झाकणाला धरा आणि आडवे करा. काच आपल्या वजनाने खाली आली तर बिजागरी सैल. कानाजवळ हलवून पाहा, खडखड ऐकू आली तर काच चौकटीत नीट बसलेली नाही.

मिठाचे दाणे काचेला चिकटले असतील तर पुसू नका, फुंकरून घालवा. मीठ काचेपेक्षा मऊ असते, पण सोबत वाळूचा कण असला आणि तो कपड्याखाली रगडला गेला की चरा पडतोच.

## टप्पा ७: घरी आणल्यावर

दोरी त्याच दिवशी ओवा. भिंगे फुटून जातात त्यापेक्षा गवतात पडून जास्त जातात. दोरी गळ्यात घातल्यावर भिंग छातीच्या मध्यापर्यंत यावे, त्याहून लांब दोरी वाकल्यावर दगडावर आपटते.

पुसताना आधी हवेच्या फुग्याने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा, मग मायक्रोफायबरच्या कापडाने मध्यापासून बाहेर गोल पुसा. डाग असेल तर कापड किंचित ओले करा, थेंब काचेवर टाकू नका. ट्रिपलेट स्पिरिटमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये कधीच बुडवू नका, काचा जोडणारा डिंक सुटू शकतो.

दमट हवेत काचेवर बुरशीचे धागे धरतात. पावसात भिजलेले भिंग मिटून न ठेवता उघडे करून सावलीत सुकवा. दिव्याचे भिंग महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

आणि भिंग उघडे करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. ऊन सरकत येते आणि पडद्याला भोक पडते.